तगादा, नोटीस आणि कब्जा

भाडे थकले की घरमालकाच्या अंगी न्यायाधीश आणि बेलिफ एकाच वेळी संचारतात, आणि कुळाचा नळ तोडावा किंवा तो गावाला गेला असता दारास आपले कुलूप घालावे, असा सल्ला देणारे हितचिंतकही त्याच सुमारास न बोलावता भेटतात. अंबरनाथच्या जुन्या चाळीतील वडिलार्जित खोली आणि बदलापूर पूर्वेचा स्वकष्टार्जित ब्लॉक, अशी दुहेरी मालकी वाट्यास आल्यामुळे हे सल्ले मी पुष्कळ ऐकले आहेत. त्यांतला एक अमलात आणल्याचे फळ मात्र माझ्या चुलतबंधूंनी भोगले.

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात दादांचा गाळा होता. जीन्स शिवणाऱ्या कुळाने भाडे थकवले, तेव्हा दादांनी एका रात्री कुलूप बदलले. शिलाईयंत्रे आणि कापलेल्या कापडाचे गठ्ठे आत, कुळ बाहेर. त्याने १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या सहाव्या कलमान्वये दावा लावला. या कलमाखाली मालकी कोणाची हे न्यायालय पाहतच नाही. कायदेशीर मार्गावाचून कब्जा काढून घेतला आणि दावा सहा महिन्यांच्या आत आला, एवढे पुरते. गाळा परत द्यावा लागला, थकबाकी राहिली बाजूलाच, आणि आतला माल कमी भरल्याची तक्रार दादांच्या माथी आली ती वेगळीच.

माझ्या चाळीतील कुळाचा पगार कारखाना रखडल्यामुळे लांबला होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे, त्याच्या कलम १५ प्रमाणे लेखी मागणीची नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवस उलटल्याखेरीज थकबाकीसाठी निष्कासनाचा दावाच लावता येत नाही. आणि दावा लागल्यावरही समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत कुळाने थकबाकी, तीवर दरसाल १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला व पुढचे भाडे नियमित भरत राहिला, तर हुकूमनामा होत नाही. म्हणून नोटिशीत धमकीचे एक अक्षर न घालता महिनावार हिशेब मांडावा, मिळालेल्या रकमा वजा दाखवाव्यात आणि पोचपावती दप्तरात जपून ठेवावी. माझ्या वकिलांनी ‘ताबडतोब खोली खाली करा’ ही माझी लाडकी ओळ तांबड्या शाईने खोडली होती, ती याचसाठी. नव्वद दिवस सरण्यापूर्वीच त्या गृहस्थांनी पैसे आणून दिले आणि मी पावती दिली.

बदलापूरच्या ब्लॉकाची गोष्ट निराळी, कारण तो लिव्ह-लायसन्सवर दिलेला. तेथे मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईही मागता येते. पण करारनामा लेखी आणि नोंदलेला हवा. कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाचीच, आणि तो नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. दलालाच्या शब्दावर किल्ली देणाऱ्यांनी एवढे कलम तरी वाचावे.

तेव्हा घरमालक बंधूंनो, तगादा लावण्यापूर्वी आपला माणूस कुळ आहे की परवानाधारक, हे कागद काढून पाहा, आलेल्या प्रत्येक रकमेची पावती द्या, आणि राग कितीही अनावर झाला तरी पाण्याला व विजेला हात लावू नका. कलम २९ प्रमाणे तो गुन्हा आहे.