नव्या पाणपात्राची ओळख

भाईंदर पूर्वेकडील नवघर गांव एकेकाळीं भातशेतांनीं व मिठागरांनीं वेढलेलें होतें. भाताचा दाणा भरूं लागला कीं मुनियांचे थवे त्यावर उतरत. आज तेथें उंच इमारती उभ्या आहेत, आणि पांखरांची हौस कित्येक घरीं सज्जांतील पिंजऱ्यावर भागवावी लागते. आरंभींच एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या रानांतील मुनिया पकडणें किंवा पाळणें हा १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमाप्रमाणें गुन्हा आहे. घरोघरीं दिसतात तीं पांखरें बहुधा परदेशी वंशाचीं असतात. एक झेब्रा फिंच, जिचें मूळ ऑस्ट्रेलियांतील कोरड्या गवताळ मुलखांत आहे; दुसरी बंगाली फिंच. ही दुसरी नांवाची बंगाली, पण बंगालची नव्हे. पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून जपानांत माणसांनीं पिढ्यान्‌पिढ्या जोपासून ती घडविली.

ह्या पांखरांना बहुतेक जण उघड्या वाटींत पाणी ठेवितात. त्यांत दाण्याचीं टरफलें पडतात, विष्ठा पडते, शिवाय तींच पांखरें त्यांत आंघोळही करितात. खाडीकांठच्या उकाड्यांत असें पाणी दुपारपर्यंत पिण्याच्या लायकीचें रहात नाहीं. म्हणून शहाणे पालक उलट्या बाटलीचें पाणपात्र आणितात, आणि येथेंच खरी अडचण सुरू होते.

आधीं ही बाटली काम कशी करिते तें पाहूं. बाटली पाण्यानें भरून उलटी टांगलेली असते व तिचें तोंड खालच्या लहानशा वाटींत बुडालेलें असतें. वाटींतील पाण्यावर बाहेरील हवेचा दाब पडतो. बाटलीच्या वरच्या अंगास मात्र हवा शिरण्यास वाट नसते. त्यामुळें पाणी खालीं सांडत नाहीं. हवेला वजन व दाब आहे हें टॉरिसेली ह्या इटालियन शास्त्रज्ञानें १६४३ सालीं पाऱ्याची नळी उलटी करून दाखविलें. समुद्रसपाटीवर हा दाब सुमारें १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरूं शकतो, मग आपली वीतभर बाटली ती काय! पांखरूं पाणी प्यालें कीं वाटींतील पातळी बाटलीच्या तोंडाखालीं जाते, हवेचा एक बुडबुडा आंत शिरतो, आणि तेवढेंच पाणी वाटींत उतरतें. पण अर्धी रिकामी बाटली उन्हांत राहिली तर आंतली हवा तापून प्रसरण पावते व पाणी वाटीबाहेर ढकलते. हें ध्यानांत ठेवा. पुढें याचें काम पडणार आहे.

आतां पांखराच्या बाजूनें विचार करा. त्याच्या ओळखीचें पाणी म्हणजे खालीं पसरलेलें, चकाकणारें, उघडें पाणी. भिंतीवर टांगलेली कांच म्हणजे त्याला केवळ एक भयप्रद नवी वस्तु. ‘तहान लागली म्हणजे आपोआप शिकतील’ असें दुकानांत सांगतात, तें मुळींच मानूं नये. झेब्रा फिंचचें वजन अवघें १२ ग्रॅमच्या आसपास. रानांतील फिंच काटकसरीनें पाणी वापरते हें खरें; परंतु पिंजऱ्यांतील पांखरूं कोरडा दाणा खातें आणि उडून दुसरें पाणी शोधूं शकत नाहीं. आपण त्याचें पालन पत्करिलें आहे. तें किती तास तग धरितें याची परीक्षा आपण पाहूं नये.

जुनी वाटी जागच्या जागीं ठेवून नवी बाटली तिच्या शेजारीं, बसण्याच्या काठीच्या उंचीवर, सावलींत लावावी. दोन दिवस तिला हात लावूं नये. पांखरांची भीति मोडूं द्यावी. नंतर राळ्याचें एक कणीस बाटलीच्या वाटीजवळ अडकवावें, म्हणजे खाण्याच्या निमित्तानें चोंच तेथवर पोंचते. वाटी कांठोकांठ भरलेली असावी, कारण पाण्याची चमक हीच त्यांची खूण. हीं पांखरें थव्यानें राहणारीं, एकमेकांचें पाहून शिकणारीं. एकानें चोंच बुडविली कीं दुसरें मान वांकडी करून पाहूं लागतें. मग जुन्या वाटींतील पाणी रोज थोडें कमी करावें, आणि सकाळच्या थंड वेळीं, आपण समोर बसलेले असतांनाच, तासभर ती काढून पाहावी.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं तीन झेब्रा फिंच व एक बंगाली मादी होती. बाटलीवर मीं शाईची रेघ ओढिली होती. दोन दिवसांत पाणी रेघेच्या बरेंच खालीं गेलें. सर्व शिकलीं असें मानून मीं जुनी वाटी उचलिली. दुसऱ्या दिवशीं दुपारीं धाकटी मुलगी म्हणाली, “बाबा, ही कालपासून एकदांही बाटलीकडे गेली नाहीं.” पाहतों तों बंगाली मादी पिसें फुलवून, डोळे अर्धवट मिटून, पिंजऱ्याच्या तळाशीं कोपऱ्यांत बसलेली, दाणाही तिनें टाकिला होता. वाटी परत ठेवितांच ती अडखळत आली आणि पुष्कळ वेळ पीत राहिली. त्या रेघेनें मला फसविलें होतें. कांहीं पाणी इतर तिघांनीं प्यालें होतें, कांहीं उन्हानें वाटीबाहेर सांडलें होतें.

ती कां शिकली नसावी? दोन्ही जातींची पिण्याची रीत निराळी आहे. झेब्रा फिंच डोकें खालींच ठेवून चोंचीनें भराभर पाणी आंत ओढिते. बंगाली फिंच घोट घेऊन मान वर करिते, तेव्हां तो घोट घशाखालीं उतरतो. आमच्या बाटलीच्या वाटीवर झांकण होतें, त्याखालीं मान वर करावयास जागाच नव्हती, असा माझा तर्क आहे. रुंद तोंडाची दुसरी बाटली आणिली, जुनी वाटीही राहूं दिली, आणि मुलीनें एका कागदावर चारी पांखरांचीं नांवें लिहिलीं. ज्यास प्रत्यक्ष पितांना पाहिलें त्याच्यापुढें खूण. तिघांपुढें पहिल्याच सकाळीं खुणा झाल्या. चौथीपुढें पांचव्या दिवशीं झाली, आणि त्यानंतर लागोपाठ तीन दिवस ती होत राहिली, तेव्हांच आम्हीं जुनी वाटी काढिली.

म्हणजे पिण्यासाठीं काढिली. आतां ती रोज सकाळीं घटकाभर, बोटाच्या पेराएवढें पाणी घालून, आंघोळीसाठीं आंत जाते. पहिली उडी बंगाली मादीची असते.