नोंद आणि रुग्ण : तुमकूरच्या एका पाहणीच्या संदर्भात

ग्रामीण आरोग्यसेवांच्या संगणकीकरणाची चर्चा बहुधा यंत्रे, जोडण्या व ओळखक्रमांक यांच्याभोवती फिरत राहते. नोंद नेमकी केव्हा जन्माला येते, हा त्याआधीचा प्रश्न होय. बंगळूर येथील राष्ट्रीय क्षयरोग संस्थेच्या आरंभीच्या कार्यात त्याचे एक उत्तर सापडते.

ही संस्था १९५९ साली स्थापन झाली. खेड्यातील क्षयरोगी अज्ञानामुळे दवाखान्याकडे फिरकत नाही, त्याला गावोगाव जाऊन शोधून काढले पाहिजे, असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. संस्थेतील देबबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात केलेली पाहणी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि या समजाला जबर धक्का बसला. पाहणीत आढळलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्मे आपण होऊन सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते. तेथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली मिळाली आणि ते घरी परतले. रुग्ण दारापर्यंत आला होता. त्याला कोणी विचारले नव्हते, एवढेच.

या निष्कर्षाला जुळणारीच १९६२ च्या जिल्हा क्षयरोग कार्यक्रमाची रचना होती. जो खोकला घेऊन येईल, त्याची थुंकी जवळच्याच केंद्रात तपासावयाची. रुग्णाजवळ ओळखपत्र, उपचारकेंद्रात उपचारपत्र व जिल्हा केंद्रात सूचिपत्र अशी साधी व्यवस्था होती. ठरल्या दिवशी रुग्ण औषध नेण्यास आला नाही, तर उपचारपत्रावरील रकाना रिकामा राही आणि त्याला पत्र धाडले जाई. रिकाम्या रकान्याचे मोल त्या योजनेने ओळखले होते.

२०१२ पासून हेच काम 'निक्षय' या संगणकीय प्रणालीकडे आले. तिचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. रुग्ण जिल्हा सोडून गेला तरी त्याची नोंद हरवत नाही. २०१८ पासून पोषणाचे साहाय्यही तिच्याच आधारे थेट त्याच्या बँकखात्यात जमा होऊ लागले. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशनने चौदा अंकी आरोग्यक्रमांकाची योजना देशभर नेली. तथापि ज्याला बाटली देऊन परत पाठविले, तो यांपैकी कोठेच दिसत नाही. उपचारपत्रावरील रिकामा रकाना तरी डोळ्यांत भरे. न उघडलेल्या नोंदीला रकानाच नसतो. जिल्ह्याच्या पडद्यावरील आकडे नीटनेटके दिसतात, ते कित्येकदा याच कारणाने.

आणि येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. धोरणविषयक लेखनात त्याला क्वचितच जागा मिळते. दोन आठवड्यांहून अधिक काळचा खोकला हे क्षयरोगाच्या संशयाचे गमक मानले जाते. परंतु तुमकूरचा शेतकरी आपला 'केम्मू' आठवड्यांत मोजत नाही आणि बेळगावकडील मराठी बाई आपला खोकलाही तसा मोजत नाही. ती म्हणेल, "पोळ्यापासून आहे, बाई." पोळ्यापासून आजवर किती दिवस झाले याचा हिशेब उपकेंद्रातील परिचारिकेने तिथल्या तिथे, बाहेर रांग वाढत असताना, मांडावयाचा असतो. तो मांडला तर थुंकीची डबी पुढे येते आणि मग संगणकावर नाव चढते.