धावपट्टी किती लांब हवी?

हर्सूल तलावाच्या बांधावर उभे राहून आग्नेयेकडे पाहिले, तर चिकलठाणा विमानतळावरून उडालेले विमान कधीकधी दृष्टीस पडते. ते इतके सहज वर चढते, की त्यामागे दर वेळी एक गणित सोडवलेले असते याची कल्पनाही येत नाही. हे गणित तुमच्या नववीच्या पुस्तकातील गतिविषयक सूत्राने सुटते. आज ते आपण सोडवू.

धावत्या बसच्या खिडकीशी बसले असता वारा तोंडावर आदळतो. बसचा वेग वाढला की वाऱ्याचा जोरही वाढतो. विमानाच्या पंखांना वर उचलणारे बल अशाच वाऱ्यातून मिळते. या बलाला आपण ‘उचल’ म्हणू. उचल दोन गोष्टींवर अवलंबून असते : हवेची घनता आणि वेगाचा वर्ग. वेग दुप्पट झाला तर उचल चौपट होते. घनता कमी झाली तर तेवढीच उचल मिळवण्यासाठी वेग वाढवावा लागतो.

आता हवेची घनता काढू. तिचे सूत्र असे :

घनता = हवेचा दाब ÷ (२८७ × निरपेक्ष तापमान)

दाब पास्कलमध्ये व तापमान केल्व्हिनमध्ये घेतले, तर घनता किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये मिळते. समुद्रसपाटीवर १५ अंश सेल्सिअसला ती १.२२५ असते. चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८२ मीटर उंचीवर आहे. उंचावर डोक्यावरील हवेचा थर कमी, म्हणून दाबही कमी. येथे तो सुमारे ९४,५०० पास्कल असतो. मे महिन्यातील दुपारी पारा ४२ अंशांवर, म्हणजे ३१५ केल्व्हिनवर गेला असे समजा. हे आकडे सूत्रात घातले, की घनता १.०४५ येते. म्हणजे उंची आणि ऊन या दोघांनी मिळून हवा सुमारे १५ टक्क्यांनी विरळ केली!

एक उदाहरण घेऊ. समजा, समुद्रसपाटीवर एका विमानाला उडण्यासाठी ७० मीटर प्रति सेकंद वेग लागतो आणि त्याचे त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. विमान स्थिर अवस्थेतून निघते, म्हणून

अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × त्वरण) = ४९०० ÷ ४ = १२२५ मीटर.

तेच विमान, तेवढेच वजन घेऊन, मेच्या दुपारी चिकलठाण्याला आणा. विरळ हवेत त्याला सुमारे ७५.८ मीटर प्रति सेकंद वेग लागेल. एवढ्याने भागत नाही. इंजिनलाही हवाच लागते. ती विरळ झाली की त्याचा जोर घटतो. त्वरणही १५ टक्क्यांनी घटून १.७ झाले असे धरू. मग अंतर येते सुमारे १६९० मीटर. वेग आठ टक्क्यांनीच वाढला, पण धाव ३८ टक्क्यांनी लांबली!

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. वैमानिकासमोरचे वेगदर्शक वाऱ्याच्या दाबावरून वेग सांगते. त्यामुळे उडण्याच्या क्षणी तबकडीवर नेहमीचाच आकडा दिसतो. जमिनीवर मात्र विमान अधिक वेगाने धावत असते आणि धावपट्टी अधिक लवकर संपत असते.

म्हणूनच उंचावरील विमानतळांना लांब धावपट्ट्या लागतात. आफ्रिकेतील केनिया देशाचे उदाहरण पाहा. समुद्रकाठच्या मोम्बासा शहराचा आंतरराष्ट्रीय विमानतळ जेमतेम ६१ मीटर उंचीवर आहे. त्याची मुख्य धावपट्टी सुमारे ३३५० मीटर लांब आहे. राजधानी नैरोबीचा विमानतळ १६२४ मीटर उंचीवर. त्याची धावपट्टी सुमारे ४११७ मीटर. धावपट्टी लांबवता येत नसेल, तर वजन कमी करावे लागते किंवा सकाळच्या गारव्यात उडावे लागते.

हे सारे केवळ वहीतले गणित नव्हे. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान ११८ जणांना घेऊन चिकलठाण्याहून उडाले. धावपट्टी जवळजवळ संपल्यावर त्याने जमीन सोडली. पलीकडच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. विमानाची डावीकडील चाके व इंजिनाचा खालचा भाग त्याला धडकला. ही धडक रस्त्यापासून सुमारे ७ फूट उंचीवर बसली. पुढे विमान उच्च दाबाच्या विजेच्या तारांवर आदळून कोसळले. ५५ जण प्राणास मुकले.

चौकशीत दोन कारणे पुढे आली. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा व चुकीच्या रीतीने उचलले. आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक नियंत्रित केली गेली नव्हती. दोष हवेचा नव्हता. पण आपले उदाहरण आठवा : त्या वेगाला प्रत्येक सेकंदाला सुमारे ७५ मीटर धावपट्टी मागे पडते. दोन सेकंदांचा उशीर म्हणजे दीडशे मीटर! गणितातून येणाऱ्या लांबीपेक्षा जी जादा धावपट्टी ठेवतात, ती अशा चुकांसाठी. उंची आणि ऊन हीच शिल्लक खात असतात. म्हणून दुपारच्या उड्डाणाला वैमानिकाने आणि रस्त्यावर पहारा देणाऱ्यानेही अधिक दक्ष राहायला हवे. आज येथील धावपट्टी सुमारे २८०० मीटर लांब आहे; तरीही हे गणित प्रत्येक उड्डाणापूर्वी करावेच लागते.

स्वतः सोडवा : जानेवारीच्या पहाटे चिकलठाण्याचे तापमान १० अंश सेल्सिअस आहे. दाब तोच धरून आणि त्वरण घनतेच्या प्रमाणात बदलते असे मानून, आपल्या विमानाला किती धाव लागेल ते काढा. (उत्तर : सुमारे १३६० मीटर.) मेच्या दुपारपेक्षा किती मीटर वाचले, तेही वहीत लिहून ठेवा.