एजंटला पैसे देण्याआधी

ताईंनो, ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने १०४ भारतीयांना विमानाने अमृतसरला परत पाठवलं. त्यात तिघे महाराष्ट्रातले होते.

आपल्या शिरूर-दौंडच्या गटात "पोराला परदेशी नोकरीला पाठवायचंय" म्हणून कर्जाची मागणी आली, तर आधी एजंटचा नोंदणी क्रमांक विचारा. तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. एजंटला सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. पावती घ्याच.

नोंदणीशिवाय भरती केली, तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार २ वर्षांपर्यंत कैद होते. फसवून नेऊन पिळवणूक केली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ लागतं: किमान ७ वर्षं सक्तमजुरी. "ती स्वतःहून आली होती" ही सबब तिथे चालत नाही.

अडचण आली तर ११२ ला फोन करा. पावती, मेसेज जपून ठेवा. पोलिसात तेच कामी येतात.