दुभाष्याचा सण

चि. बाळास,


इस्लापूरच्या बाजारात एकीने मला अडवलं. इतर पोरांसारखीच तिच्या पोरानेही जपानला कामाला नेणाऱ्या एजंटाच्या कागदावर सही केली. तो कागद तू वाचून दाखवलास. नांदेडला दुसऱ्याकडून वाचून घेतला, तर पगाराचा आकडा निराळाच. लेकरा, हे खरं आहे का? तेवढं आधी सांग.

तू जपानी शिकलास तेव्हा गावभर सांगत सुटले ती मीच. लहानपणी तुला गोन्सालो गार्सियांच्या गोष्टीतले क्रूस आणि भालेच हवे असत. आता त्याआधीचं ऐक. जन्म वसईचा, बाप पोर्तुगीज, आई इकडचीच. जेजुइटांबरोबर जपानात राहून भाषा शिकले, पुढे व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्तांबरोबर पुन्हा जपानला गेले ते दुभाषी म्हणून. फादरांचं म्हणणं जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे मांडायचं ते यांनीच. सगळ्यांचा जीव एकाच्या जिभेवर!

पुढचं तुला पाठ आहे. क्योतोत डाव्या कानाचा तुकडा कापला, भर थंडीत नागासाकीपर्यंत चालवलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला सव्वीस जण क्रुसावर गेले. ५ तारीख आधीच संत आगाथाची, म्हणून यांचा सण ६ ला. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. पण मला सणाच्या दिवशी हिदेयोशीपुढची ती बैठकच आठवते.

आणि वडाखालचं रान आठवतं. तुझ्या आजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला तेव्हा घरात अक्षर कळणारी मी एकटी, चौथीतली. आकडा वेगळा दिसला होता. मोठ्यांत कसं बोलावं म्हणून गप्प राहिले. रान गेलं. दादाला हे अजून सांगितलेलं नाही.

म्हणून विचारते, त्या पोरांना तू काय वाचून दाखवलंस?

जास्त बोलले का? एजंटाने तुलाच फसवलं असेल, असंही मनात येतं. नाहीतर ती अवघड अक्षरं तुलाच नीट लागली नसतील. तसं असलं तर तसंच सांग त्यांना. मी येते तुझ्यासोबत घरोघरी. वहिनीच्या कानावर काही घातलेलं नाही. एजंटाचे पैसे परत करायचे असतील तर माझ्याकडे कापसाचे आहेत, ते तुझेच समज. रविवारी ये. थंडी फार आहे, स्वेटर घालून नीघ, आणि गाडीत बसलास की फोन कर.

तुझी,
आत्या