दगडाच्या पोटातले रंग

मुलांनो, तुम्ही कधी गारगोटी हातात घेतली आहे का? नदीच्या काठी ती सहज सापडते. दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासल्या, तर क्षणभर उजेड चमकतो. आजीच्या अंगठीत जो तांबडा अकीक असतो, तोही या गारगोटीचाच भाऊबंद आहे.

एकदा आमच्या शाळेची सहल अजिंठ्याला गेली होती. लेणी पाहून आम्ही खाली आलो. तेथे काही विक्रेते चमकदार दगड विकत होते. आठवीतल्या नसरीनने ईदीचे पैसे जपून ठेवले होते. त्या पैशांतून तिने आपल्या दादीसाठी एक दगड घेतला. तो नारळाच्या वाटीसारखा होता. बाहेरून ओबडधोबड, पण आत गर्द गुलाबी खडे दाटीने चमकत होते. तिने तो ओल्या रुमालात गुंडाळला. घरी पोहोचेपर्यंत सगळा रुमाल गुलाबी झाला! मैत्रिणी हसल्या. नसरीनच्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या दिवशी दगड माझ्यासमोर ठेवून तिने विचारले, "सर, हा दगड खोटा आहे का?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला फार मागे जावे लागेल.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या. त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर आला आणि दूरवर पसरला. तो थंड झाला, की त्यावर दुसरा थर येई. असे थरावर थर साचले. त्यांपासूनच आपल्या सह्याद्रीचा काळा दगड तयार झाला. अजिंठ्याची लेणी याच दगडात कोरलेली आहेत.

लाव्हारसात वायूचे बुडबुडे होते. खमिरी रोटी भाजताना तिच्यात पोकळ्या राहतात ना, तशाच पोकळ्या या दगडात राहिल्या. पुढे भेगांतून गरम पाणी झिरपू लागले. गरम पाण्यात साखर लवकर विरघळते, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्याचप्रमाणे या पाण्यात दगडातले काही पदार्थ विरघळले. पाणी पोकळीत शिरले आणि निवू लागले. मग ते पदार्थ पोकळीच्या भिंतीवर कणाकणाने जमू लागले.

हे कण कसेही जमत नाहीत. नमाजाच्या वेळी लोक जसे सरळ रांगांत उभे राहतात, तसे ते ठरावीक रचनेत बसतात. या रचनेमुळे पदार्थाला सपाट बाजू आणि रेखीव कडा मिळतात. अशा पदार्थाला स्फटिक म्हणतात. मिठाचा स्फटिक चौकोनी ठोकळ्यासारखा असतो. गारगोटीच्या जातीचा स्फटिक सहा बाजूंचा असतो. सुंदर स्फटिक वाढायला दोन गोष्टी लागतात : मोकळी जागा आणि भरपूर वेळ. जागा नसेल, तर कण एकमेकांना दाटून बसतात आणि रेखीव आकार दिसत नाही.

विहीर खणताना किंवा खाणीत दगड फोडताना कामगारांना अशा पोकळ्या सापडतात. बोरघाटातील रेल्वेमार्ग १८६३ साली पूर्ण झाला. त्या खोदकामातही असे सुंदर स्फटिक मिळाले होते. नाशिक, जळगाव व पुणे या भागांतले स्फटिक आज जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत. त्यांपैकी बरेच झिओलाइट या गटातले आहेत. क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली हे नाव दिले. त्याचा अर्थ 'उकळणारा दगड'. या दगडांत पाणी असते, म्हणून तापवल्यावर ते उकळल्यासारखे दिसतात.

आता रंगाची गोष्ट. शुद्ध गारेचा स्फटिक काचेसारखा बिनरंगी असतो. त्यात लोहाचे अगदी थोडे कण शिरले आणि आसपासच्या खडकांतून येणारे किरण त्यांवर दीर्घकाळ पडले, तर तो जांभळा होतो. पुण्याजवळ वाघोली येथे कॅव्हॅन्साइट नावाचे निळेभोर खनिज सापडते. त्याचा निळा रंग व्हॅनेडियम धातूमुळे येतो. तोच व्हॅनेडियम ॲपोफिलाइट या दुसऱ्या खनिजात थोडासा मिसळला, की त्याला हिरवा रंग येतो! याकूत आणि जमुर्रद तुम्ही ऐकले असतील. मराठीत त्यांना माणिक आणि पाचू म्हणतात. माणकाचा लाल रंग क्रोमियममुळे येतो. पाचूचा हिरवा रंगही बहुधा क्रोमियममुळेच येतो.

असे का होते? पांढऱ्या प्रकाशात सात रंग असतात. दगड त्यांतले काही रंग शोषून घेतो. जे उरतात, तेच आपल्याला दिसतात. कोणते रंग शोषले जातील, हे धातूवर आणि त्याच्या शेजाऱ्यांवर अवलंबून असते. म्हणूनच एकच धातू दोन ठिकाणी दोन रंग दाखवतो.

माणूसही दगडाचा रंग बदलतो. गुजरातमधील खंबातचे कारागीर अकीक तापवतात. त्यातल्या लोहावर उष्णतेचा परिणाम होतो आणि फिकट दगड तांबडा होतो. हा रंग दगडाच्या आतूनच आलेला असतो. तो धुऊन जात नाही. पण काही लोक साध्या दगडाला बाहेरून रंग लावतात. रंग लावणे हा गुन्हा नाही. पण तो खरा म्हणून विकणे ही फसवणूक आहे. म्हणून रंगीत दगड घेताना तो ओल्या कापडाने पुसून पाहावा. भेगांत रंग साचला आहे का, तेही पाहावे.

मी नसरीनला तो दगड रात्रभर पाण्यात ठेवायला सांगितले. सकाळी पाणी गुलाबी झाले होते. भेगांत थोडा रंग राहिला होता. बाकीचे खडे स्वच्छ पांढरे दिसत होते. ते उन्हात धरताच लखलखले.

मी म्हणालो, "बेटी, रंग खोटा होता. दगड मात्र खरा आहे. तो घडायला माणसाचा हात लागलेला नाही."

नसरीनने तो दगड दादीला दिला. कपाटात ठेवलेला तो दगड पाहून कोणी विचारले, की दादी ही सगळी हकिकत सांगते.

शब्दार्थ
ओबडधोबड – खडबडीत. तप्त – खूप गरम. झिरपणे – हळूहळू आत जाणे. निवणे – थंड होणे. रेखीव – सुबक.

स्वाध्याय
१. नसरीनच्या डोळ्यांत पाणी का आले?
२. काळ्या दगडात पोकळ्या कशा तयार झाल्या?
३. तापवलेला अकीक आणि रंग लावलेला दगड यांत काय फरक आहे?
४. उपक्रम : गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी (फिटकरी) विरघळवा. पाण्यात दोरा सोडून ते काही दिवस न हलवता ठेवा. दोऱ्यावर काय जमते, ते वहीत लिहा.