मोडकी प्लेट माझी होती

"काका, तुम्ही पायावर भार दिला असणार." एक्स-रे दिव्यासमोर धरून डॉक्टर म्हणाले. मांडीतली प्लेट मधोमध मोडलेली मलाही दिसत होती. पहिल्या ऑपरेशननंतरचा चौथाच महिना होता. वॉकरशिवाय मी न्हाणीघरातसुद्धा गेलो नव्हतो, हिला विचारा. केसपेपरवर मात्र उमटलं ते डॉक्टरांचंच वाक्य.

दुसरं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, काढलेली प्लेट कुठाय? सिस्टर म्हणाल्या, "ती डीलरचा माणूस घेऊन गेला ना, तपासायला." म्हणजे ज्याचा माल मोडला तोच पंच! मी टाके घेऊन पडलेलो, आणि माझ्या पैशाची वस्तू पिशवीत घालून हा बाबा चालता झाला. दोन महिन्यांनी डीलरचं एका ओळीचं पत्र आलं: मालात दोष नाही. कंपनीचं नाव त्यातही नाही. हाड न जुळल्यानंही प्लेट थकून मोडते, हे मला मान्य आहे. मग तसं माझ्यासमोर तपासून सांगा ना!

म्हणून सांगतो, दुसऱ्या ऑपरेशनच्या आधीच लेखी अर्ज द्या की काढलेली वस्तू मलाच हवी, आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. दोष ठरवायला ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण वस्तूच नसेल तर पाठवणार काय? पाकिटावरचं बॅच नंबरचं स्टिकरही मागून घ्या. माझ्या बिलात नुसतं 'इम्प्लांट – १ नग'. तक्रार करताना माझ्या वकीलबाईंनी त्यातून वाट काढली: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर विकणाऱ्यावर जबाबदारी येते. बिल हॉस्पिटलचं, म्हणून हॉस्पिटलही पार्टी.

केसपेपर अर्जानंतर ७२ तासांत द्यावेत, असं डॉक्टरांच्या २००२ च्या नियमावलीत आहे. मला २१ दिवस लागले. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करा. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. इम्प्लांट मोडल्याचं १८००-१८०-३०२४ या सरकारी हेल्पलाइनवरही कळवा. भरपाई मिळत नाही, नोंद तरी होते. बाकी कागद जपा, धीर धरा वगैरे सगळेच सांगतात.

मागच्या तारखेला समोरच्या वकिलानं विचारलं, "दोष होता याला पुरावा काय?" म्हटलं, तो तुमच्याच अशिलानं पिशवीत घालून नेला. तर मलाच म्हणाले, खाली बसा.